तिसऱ्या खोलीतला कापूस

संगे, ये अशी. दारात उभी राहू नको, जवळ येऊन बस, अन् तो फोन ठेव बाजूला. रागावणार नव्हते मी, पण आता बोलावंच लागतं. परवा तू सांगितलंस, "मावशी, निजामाबादेत फ्लॅट घेतला, किरायानं देऊन टाकला, बँकेनं कर्जही लवकर दिलं." आनंद झाला मला. मग मी विचारलं, विमा? तर म्हणालीस, "बँकेनंच काहीतरी केला असंन, मी कागद वाचला नाही." अगं बाई, पावशेर मिरच्या घेताना तू टोपलीतली एकेक मिरची उलटीपालटी करून पाहतेस, अन् एवढं घर डोळे मिटून घेतलंस?

हा अंक काढणाऱ्यांनी मला म्हटलं, किरायाच्या खोल्यांचा धंदा एवढी वर्षं केलात, त्यावर काही लिहा. तर मी तुलाच लिहिते आहे, आणि ज्याला वाचायचं त्यानंही सतरंजी ओढून बसावं. मला लेखकासारखं लिहिता येत नाही. बोलते तसं लिहिणार.

आमच्या लाईनच्या खोल्या तुला माहीत आहेत. आदिलाबादेत, नाल्याच्या अलीकडे, ओळीनं चार खोल्या, समोर लांब ओटा, टोकाला नळ, मागं आमचं घर. पहिल्या दोन खोल्या म्हशींच्या दुधावर उभ्या राहिल्या, पुढच्या दोन बँकेच्या कर्जावर. माझी शाळा पाचवीपर्यंत. माय-बाप दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचे, त्यांच्या मागं मीही वेचला. वाचायची गोडी लागली ती लग्नानंतर. तुझे काका प्राथमिक शाळेत शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणते. घरात येणारा प्रत्येक कागद, पुडी बांधलेलासुद्धा, मी वाचून काढायची.

कर्जासाठी बँकेत गेले तो दिवस आठवतो. मॅनेजर साहेब हैदराबादकडचे. गुरुजींशीच बोलत होते सगळं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, पढ़ी-लिखी हो?"

मी म्हटलं, "सही करती हूँ साहेब. और सही करने के पहले वाचती भी हूँ."

साहेब हसले, पण कागद माझ्यापुढे सरकवले. बाप्पा, काय ते कागद! जागा कोणाकडून कोणाकडे आली त्याची साखळी, जागेवर आधीचं काही ओझं नाही त्याचा दाखला, नकाशा, किमतीचा अंदाज. मी एकेक वाचत होते आणि अंगावर काटा येत होता. माझ्या मायच्या नावानं उभ्या जगात एक चिटोरं नव्हतं, अन् इथं माझ्या नावाचा गठ्ठा दोरीनं बांधून ठेवला होता. बँकेच्या त्या टेबलाशी मला रडू येईल की काय असं झालं. गुरुजींना वाटलं, व्याज ऐकून घाबरली.

साहेब जेवढं देतो म्हणाले, तेवढं मी घेतलं नाही. गुरुजी म्हणाले, "ते देऊन राह्यले तर घे ना व."

"देणारा देते गुरुजी, फेडणारी मी हाय."

माझा हिशोब साधा होता, तोच तुला सांगते. चारातल्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या तरी हप्ता निघाला पाहिजे, एवढंच कर्ज घ्यायचं. खोली वर्षभर भरलेली राहते असं समजून कर्ज काढणारे खूप पाहिले. मग परीक्षा संपून पोरं गावाकडे गेली, कोणाची बदली झाली, कोणी भांडून गेलं, की यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आता विमा. लोक विचारतात, घर केवढ्याचं, तेवढ्याचाच विमा ना? नाही. घराच्या किमतीत मोठा वाटा जागेचा. जागा जळत नाही. विमा भिंतींचा, छताचा, दारांचा. उद्या सगळं पडलं तर तेच पुन्हा बांधायला काय लागेल, तेवढ्याचा. आणि कमी सांगून हप्ता वाचवायला जाऊ नको. भिंतींच्या अर्ध्याच किमतीचा विमा घेतला आणि एकच खोली पडली, तरी ते त्या एका खोलीचंही अर्धंच देतात. कर्ज असलं की पैसा आधी बँकेच्या हाताखालून जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला उशिरा नीट समजली: हा विमा तुझ्या भिंतींचा. आत राहणाऱ्याच्या सामानाचा नाही. त्याचं भांडं, त्याचं कपाट, त्याचं पीक, ते त्याचं त्यानं पाहायचं.

पीक म्हटलं म्हणून हसू नको. इथंच तर गोष्ट सुरू होते.

तिसऱ्या खोलीत दिगंबरच्या दोन पोरी राहायच्या. दिगंबर जैनथकडचा शेतकरी, पैनगंगेच्या काठची काळी जमीन, स्वतःची बैलजोडी, तोंडानं फटकळ, मनानं राजा. पोरी शिकायला हव्यात म्हणून त्यानं खोली घेतली. मोठी वर्षा डिग्रीला, धाकटी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला. सणावाराला ज्वारीचं पीठ, वांगी, हरभऱ्याची भाजी घेऊन यायचा आणि किरायासोबत मलाही एक पिशवी द्यायचा. मी नको म्हटलं की म्हणायचा, "मावशी, किराया खोलीचा. हे तुमच्या बोलण्याचं."

तू पाहिलं आहेस, कापसाच्या दिवसांत आमच्याकडे कापूस माणसांच्या खोलीत राहतो अन् माणसं ओट्यावर. गाडी भरून बाजारात आणायची, ओल जास्त म्हणून भाव पाडला, की शेतकरी चिडतो, गाडी वळवतो आणि ओळखीच्या कोणाच्या खोलीत कापूस टाकून देतो. दोन आठवडे सुकू दे, भाव चढू दे. दिगंबर तर भावाचा नादच केलेला माणूस. रोज बाजारात जाऊन भाव विचारायचा, नाक मुरडायचा आणि परत यायचा. पहिल्याच हंगामात त्यानं तिसरी खोली कंबरेपर्यंत कापसानं भरली. पोरी कापसाच्या ढिगावर चादर टाकून अभ्यास करायच्या, अंग खाजवत. मी पाहिलं, हात घातला, बोटांना लगेच कळलं, चांगला लांब धाग्याचा होता. आणि घरात जाऊन विम्याचा कागद काढला. आमच्या विम्यात लिहिलं होतं, राहण्याच्या खोल्या. कापूस कुठंच नव्हता.

मी एजंटला बोलावलं. तो आपलाच, बोथकडचा मराठी पोरगा. म्हणाला, "मावशी, घर म्हणून चालून राह्यलं तर कापूस काऊन लिवता? हप्ता वाढंन. अन् कोण पाह्यते आत येऊन?"

"आग पाह्यते ना," मी म्हटलं.

गुरुजींनी तर कपाळाला हात लावला. "लोक आगीपासून दूर पळतात, अन् ही तिले आवतण लिवून देते. आख्ख्या आदिलाबादेत कोणी कापूस लिवला का आजपर्यंत?"

तर पुढच्या हंगामाच्या आधी मी काय केलं, एकटीच ऑटोनं विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. आत बसलेल्या बाईला मोडक्या तेलुगूत समजावलं: हंगामात एका खोलीत किरायेदाराचा कापूस राहतो, लिहून घ्या. तिनं दोनदा विचारलं, खात्रीनं सांगता? मी म्हटलं, दिगंबर आहे तोवर खात्रीनं. तिनं लिहिलं, हप्ता वाढवला, मी भरला. खोलीचा किराया बुडाला तर तोही काही महिने मिळेल, अशी एक जोडणी होती, तीही घेतली. घरी काही सांगितलं नाही. कायले रोजची कटकट?

त्या हंगामात आग लागली.

दुपारची वेळ. पोरी कॉलेजात. मी ओट्यावर शेंगा सोलत होते, तर जळक्या चिंधीचा वास. पाहते तर तिसऱ्या खोलीच्या वरच्या झरोक्यातून धूर, पातळ, पांढरा, कोणी बिडी ओढत असावं एवढाच. जवळची किल्ली लावून मी दार उघडलं. तुला खोटं वाटेल संगे, आत जाळ नव्हता. कापूस पांढराशुभ्र, पडला होता तसा. फक्त खोली तव्यासारखी तापलेली. बटणांच्या बोर्डाला कापूस टेकला होता, तिथं एक काळा डाग. मी दारात उभी आणि माझ्या पाठीमागून वारा आत शिरला. त्यासरशी त्या डागातून एक निळी ज्योत निघाली आणि कापसाच्या वरवरच्या तंतूंवरून सरसर पळत गेली, ज्वारीच्या उभ्या पिकावरून वाऱ्याची लाट पळावी तशी. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. मागं काही जळालं नाही, नुसता पांढऱ्याचा पिवळा झाला. इतकी देखणी आग मी जन्मात पाहिली नव्हती. देवाशपथ म्हणायची आपली रीत नाही, पण खरं सांगते, ओरडायचंही सुचलं नाही मला.

मग छताजवळचं लाकडी फळकूट पेटलं आणि मी ओरडले.

दुसऱ्या खोलीतला नरसय्या धावला. हा बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, बायकोसोबत राहतो, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलतो. पहिल्या खोलीतली नर्स शोभा ड्यूटीवरून नुकतीच आली होती, ती बादल्या घेऊन धावली. पाणी कापसावर पडायचं आणि बदकाच्या पाठीवरून जावं तसं निथळून जायचं. बाजारातून दिगंबर आला. कोणी फोन केला कोण जाणे. आला तसा आत शिरला आणि दोन्ही हातांनी मिठी मारमारून कापूस बाहेर फेकू लागला. मिठीतला कापूस वरून पांढरा, आणि आत विस्तव. मी ओरडते, "सोड रे, सोड!" तो म्हणतो, "भाव चढून राह्यला मावशी, आजच चढला!"

आगीचा बंब आला, आग विझली. छताला भेगा गेल्या, दुसऱ्या खोलीकडची भिंत फुगली. दिगंबरच्या हातांची कातडी लोंबत होती. मी त्याला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथंच राहिले, त्याची बायको गावाहून येऊन थोडी सावरेपर्यंत. दवाखान्यातूनच विमा कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "आमचा सर्वेअर येऊन पाहील. तोपर्यंत काही हलवू नका."

मी म्हटलं, "कोण हलवते हो? तिथं पाय ठेवायची कोणाची हिंमत नाही."

घरी परतले तर ऑटोतून उतरता उतरता माझे पाय जागीच थांबले. तिसरी खोली चमकत होती. आतून बाहेरून पांढरा चुना, फरशी घासून धुतलेली, दाराला तोरण तेवढं बांधायचं राहिलं होतं. ओट्यावर सगळे ओळीनं उभे, दमलेले आणि खूश. गुरुजींच्या मिशीला चुना.

"पाह्य," गुरुजी म्हणाले, "ओळखू येते का? आमी सगळं निपटलं."

"कापूस कुठं गेला?"

"कोणता कापूस?" गुरुजींनी डोळा मारला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मारला असेल. "गाद्या होत्या दोन. त्या जळाल्या."

मी ओट्यावर बसले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. कापूस दिसला तर विमा मिळत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. विमा नाही मिळाला तर मावशीनं छत कशानं घालायचं, हप्ता कसा भरायचा, बँक खोल्यांना कुलूप लावेल, मग सगळेच रस्त्यावर. म्हणून शोभानं रजा काढली. नरसय्यानं नाल्यापलीकडे खड्डा खणून जळका कापूस पुरला आणि चुना आणला. आणि गाद्या जळाल्याचा पुरावा पाहिजे म्हणून नरसय्याच्या बायकोनं आपल्या लग्नातल्या दोन गोधड्या, आईनं शिवून दिलेल्या, चुलीवर कडेकडेनं जाळून त्या खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या होत्या.

मी त्या गोधड्या पाहिल्या संगे. बारीक टाका, लाल काठ, कडा जळक्या. माझ्यासाठी आजवर कोणी एवढं केलं नव्हतं. आणि एवढं नुकसानही कोणी केलं नव्हतं.

मी म्हटलं, "गुरुजी, मी विम्यात कापूस लिहून आणला होता."

गुरुजींनी मिशीवरचा चुना पुसला.

"कवा?"

"हंगामाच्या आधी."

"मग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी जाऊ देलं असतं?"

गुरुजी खाली बसले. शोभा म्हणाली, "अवो मावशी, म्हणजे कापूस दाखवायचा होता?" अन् नरसय्यानं चुन्याचा ब्रश हातात धरूनच विचारलं, "अक्का, मग परत काळी करू का?"

हसावं की रडावं समजेना. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. सर्वेअर म्हणजे नुकसान मोजून कंपनीला सांगणारा माणूस. मला वाटलं होतं कोणी पोट सुटलेला साहेब येईल. उतरली ती एक बाई, करीमनगरकडची, कॉटनची साडी, हातात छोटी हातोडी आणि टेप. बोलायला तेलुगू आणि हिंदी, मराठी ऐकून समजायची. आत आली, भिंतींकडे पाहिलं, नाक वर करून वास घेतला. मग आमच्याकडे पाहिलं.

गुरुजींनी भाषण पाठ केलं होतं, ते घाबरून सुरूच झालं. "मेडम, दो गादी थी. बस. बच्चे पढ़ते थे."

"कापूस होता," मी म्हटलं.

गुरुजी खोकले. त्यांच्यामागं सगळी लाईन खोकली.

मेडमनं कागद उघडला, वाचला, मिटला. तेलुगूत म्हणाली, ते मी आपल्या भाषेत लिहिते. "अम्मा, कागद म्हणतो कापूस चालतो. गुरुजी म्हणतात गाद्या. भिंत म्हणते काहीच झालं नाही. मी कोणाचं लिहू? जळालेला माल मला दिसला नाही तर मला लिहावं लागेल की पुरावा हलवला. मग हा क्लेम पुढे जाणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अम्मा, निजम चेप्पंडि." खरं सांगा.

माझ्या डोळ्यांपुढे ते भेगाळलेलं छत, बँकेतला दोरीनं बांधलेला गठ्ठा. खरं माझ्याजवळ होतं, पण ते चुन्याखाली होतं. मी खरं बोलायचं म्हणजे या सगळ्यांना खोटं ठरवायचं, आणि ते माझ्यासाठीच खोटं बोलले होते.

शोभा पुढं झाली. "मेडम, आमी धुतलं." भ्याली होती, सरकारी नोकरी आहे बिचारीची. "मावशी दवाखान्यात होती. तिले काहीच माहीत नाही. पोलिस तर नाई ना येत?"

"चुना मी मारला," नरसय्या म्हणाला.

"भाषण माझं," गुरुजी म्हणाले.

नरसय्याच्या बायकोनं गोधड्या उचलून छातीशी धरल्या. मेडमनं विचारलं, "हे कोणाचं?"

"माझ्या लग्नातलं."

मेडमनं त्या लाल काठावरून बोट फिरवलं. "हे नुकसानीत धरता येत नाही, अम्मा," ती म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली, की माफी मागावी तसं वाटलं.

मग आमची मिरवणूक नाल्यापलीकडे निघाली. पुढं फावडं घेऊन नरसय्या, मागं साडी सावरत मेडम, मग आम्ही, मग अर्धी गल्ली. खड्ड्यावरची माती दबून बसली होती. नरसय्यानं फावडं घातलं. आधी काळा चिखल निघाला. त्याखाली राख. त्याखाली, संगे, पांढराशुभ्र कापूस, जसा बोंडातून आत्ता काढला असावा. मला वाटलं, संपलं, मेडम म्हणणार हा तर जळालेलाच नाही. नरसय्यानं आणखी एकदा फावडं मारलं आणि तो गठ्ठा मधून फाटला.

आत लाल होतं. मातीखाली, पाण्याखाली, एवढे दिवस, कोणी न फुंकता, ते आत जळतच होतं. वारा लागला तसं ते डोळा उघडावा तसं उघडलं आणि ऊब आमच्या तोंडावर आली. सगळे मागं सरले. मी आयुष्यभर कापूस वेचला, उशाला घेतला, त्याच्या वाती केल्या, पण त्याच्या पोटात एवढा धीर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

मेडम खड्ड्याशी उकिडवी बसली. तळहात पुढं धरला. म्हणाली, "मी हे कागदावर पुष्कळदा लिहिलं. पाहिलं मात्र आज."

मग तिनं फोटो काढले, खोलीत परत येऊन हातोडीनं चुना खरवडला. खालून काळं निघालं, प्लास्टरचा पापुद्रा सुटून हातात आला, छताची सळई दिसली. एकेकाला समोर बसवून त्यानं काय केलं ते लिहून घेतलं. नरसय्यानं तर चुना कुठून आणला, किती कालवला, सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तरी. जाताना मेडम म्हणाली, "मी पाहिलं ते लिहीन. पुढचं कंपनीच्या हातात."

पुढचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. तिसरी खोली बंद, दुसरीला टेकू, पहिली अन् चौथी तेवढी चालू. हप्ता मात्र निघत होता, कारण कर्ज घेताना हात आखडला होता. दिगंबरच्या पोरी आमच्याच घरात राहिल्या. वर्षा गुरुजींना इंग्रजी पेपर वाचून दाखवायची आणि गुरुजी तिचे उच्चार दुरुस्त करायचे. चुकीचे.

आणि एक दिवस बँकेतून फोन आला की पैसे आले. धुतल्या-पुसल्याची थोडी कात्री लावली होती, पण आले. छत, भिंत, वायरिंग आणि बुडालेला किराया. मी बँकेच्या बाकावर बसून विचार करत होते, हे दिले कोणी? भिशी तुला ठाऊक आहे. बायका मिळून पैसे टाकतात, जिचा नंबर लागला ती खूश होते. विमा म्हणजे अशी भिशी, जिच्यात नंबर लागू नये असंच प्रत्येकीला वाटतं. कुठंतरी कोणी माणूस, मी त्याला कधी पाहिलं नाही, त्यानं आपल्या घराचा हप्ता भरला, त्याचं घर काही जळालं नाही, आणि त्याच्या पैशातून माझी भिंत उभी राहिली. त्याला माझं नाव माहीत नाही. भिंतीला हात लावताना मला अजून वाटतं, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला आहे.

पण सगळं गोड नाही झालं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी दिगंबर आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "मावशी, माझ्या कापसाचं काय लिवलं मेडमनं?"

मला सांगावं लागलं, तुझ्या कापसाचं नाही रे, विमा भिंतींचा.

त्यानं मान हलवली. "भिंतीचं तरी झालं ना," म्हणाला. वर्षभराची मेहनत होती ती. मी ऑफिसात जाऊन माझ्या भिंतींसाठी कापूस लिहून आणला, आणि परतताना दिगंबरला सांगायचं की बाबा, तुझ्या मालाचाही वेगळा विमा होतो, तो घे, ते मला सुचलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते नीट कळलंच नव्हतं. ही गोष्ट मनात टोचत राहते. आता नवीन किरायेदार आला की मी आधी चहा देते आणि मग त्याला हे समजावते. काही ऐकतात, काही म्हणतात, मावशी फार बोलते. दिगंबर मात्र पुढच्या हंगामात स्वतः ऑफिसात गेला. हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत त्याची, तरी टेबलावर हात आपटून म्हणाला म्हणे, "कापूस लिवा. मोठ्या अक्षरात लिवा."

आता तुझं. विमा कितीचा, कोणाच्या नावावर, त्यात काय लिहिलं आहे, हे तू वाचशील, तेवढी हुशार आहेस. पण कागदात जे लिहिलेलं नाही, ते कसं वाचशील? तुझ्या फ्लॅटमध्ये कोण राहतं गं? नाव तरी सांगता येतं का तुला? ते काय काम करतात, घरात काय ठेवतात, कोणाला सिलिंडरची भीती वाटते, घरात कोणी म्हातारं माणूस आहे का? या रविवारी जा त्यांच्याकडे. किरायाचं काही बोलू नको. बस, त्यांच्या हातचा एक कप चहा पी, इकडची-तिकडची बोल, डोळे उघडे ठेव. त्यांनाही कळू दे की मालकीण म्हणजे फक्त बँकेतला मेसेज नाही.

आणि मग ये माझ्याकडे. काय पाहिलंस ते सांग. निजामाबादेहून सकाळची बस पकडलीस तर जेवायला पोचशील. राहायच्या तयारीनं ये, गुरुजी तुझी रोज आठवण काढतात. लवकर ये माय, मी वाट पाहून राह्यले.